सांस्कृतिक धोरणावरील संशोधनात सहलेखन म्हणजेच सहकार्य का?

प्रश्न – संशोधक विद्यार्थिनी, ताळगाव
नमस्कार. सांस्कृतिक धोरणाचे अभ्यासक एकमेकांबरोबर कसे काम करतात, हा माझ्या प्रबंधातील एका प्रकरणाचा विषय आहे. ‘स्कोपस’ या शोधलेखांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतून लेखांची यादी काढून सहलेखकांचे जाळे आखले (प्रत्येक लेखक हा एक ठिपका, आणि दोघांनी मिळून लिहिले की त्यांच्यामध्ये एक रेघ), तेव्हा बहुतेक लेख एकाच लेखकाचे निघाले आणि जाळ्याऐवजी सुटे ठिपकेच हाती आले. यावरून ‘या क्षेत्रात सहकार्य कमी आहे’ असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. शिवाय गोव्यातील मराठी-कोकणी लेखन या यादीत कुठेच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – मडगाव
एकट्याने लिहिणे ही मानव्यविद्यांची जुनी रीत आहे. सांस्कृतिक धोरणाकडे इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र अशा निरनिराळ्या वाटांनी माणसे येतात आणि आपापल्या घरची रीत बरोबर आणतात. तेव्हा आधी यादी विद्याशाखेनुसार वेगळी करा. दुसरे असे की, ४ लेखकांच्या लेखातून सहलेखकांच्या ६ जोड्या निघतात आणि १० लेखकांच्या लेखातून ४५, त्यामुळे एखादाच मोठा प्रकल्प सगळ्या जाळ्याचा तोल बिघडवतो. प्रत्येक लेखाचे वजन १ धरून ते लेखकांत वाटून द्यावे, हे बरे. आणखी एक तपासा: ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कल्चरल पॉलिसी’ १९९४ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या नावात ‘इंटरनॅशनल’च्या जागी ‘युरोपियन’ होते. आजच्याच नावाने शोधले असेल, तर सुरुवातीची वर्षे सुटली असतील.

उत्तर – फोंडा
गोव्याचे लेखन यादीत घेणार असाल, तर नावांकडे फार बारकाईने पाहा. गोव्याचे इतिहासकार डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले आणि मराठीतही. रोमन लिपीत त्यांच्या आडनावात कुठे ‘सी’ येतो, कुठे ‘के’, आणि संगणकाला ती दोन माणसे वाटतात. उलट ‘एस. नाईक’ या एका नावाखाली अनेक जण एकत्र होतात. पहिल्या चुकीने जाळे फाटते, दुसरीने नसलेली गाठ बसते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे भाषेच्या धोरणावर जो वाद झडला, तो इथल्या मराठी-कोकणी वृत्तपत्रांत आहे. ‘स्कोपस’मध्ये तो शोधून मिळायचा नाही.

उत्तर – सत्तरी
मला जे सांगायचे आहे ते मोजणीच्या आधीचे आहे. काही वर्षांपूर्वी पौषात मी एका गावच्या मांडावर, म्हणजे लोकविधींच्या ठरलेल्या जागेवर, धालो हा बायकांचा गीतनृत्याचा उत्सव पाहायला बसलो होतो. बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून गात होत्या. एका ओळीतला शब्द मला लागेना, तेव्हा रांगेतल्या थोरल्या आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून तो तीनदा म्हणून दाखवला आणि त्यांच्या सुनेने त्याचा अर्थ उलगडला. लोककलावंतांच्या मानधनाविषयी मी पुढे जो लेख लिहिला, त्याचा अर्धा युक्तिवाद त्या ओट्यावरचा आहे. लेखावर मात्र नाव माझे एकट्याचे, आणि खाली ‘गावकऱ्यांचे आभार’ एवढीच ओळ. आपल्या यादीत तो लेखही एक सुटा ठिपकाच दिसेल. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या युनेस्कोच्या २००३ च्या कराराचे १५ वे कलम समाजाच्या सहभागाविषयी आहे, आणि भारताने २००५ मध्ये तो करार स्वीकारला आहे. धोरणाकडून आपण जो सहभाग मागतो, तो आपल्याच लेखांवरील नावांत का उतरत नाही, हा प्रश्न आपण प्रबंधात अवश्य घ्यावा. त्यासाठी निदान काही लेखांचे ऋणनिर्देश वाचून पाहा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यादीतला एकाच लेखकाचे नाव असलेला एक लेख काढून त्याचा ऋणनिर्देश वाचला. त्यात सात जणांची नावे आहेत; दोघांनी मसुदा तपासला आहे आणि एकीने मुलाखतींचे भाषांतर केले आहे. प्रकरणाच्या शीर्षकातील ‘सहकार्य’ हा शब्द मी तूर्त काढून तिथे ‘सहलेखन’ असे घातले आहे, आणि ऋणनिर्देशांचा वेगळा तक्ता करायला घेतला आहे.