हॅकनीच्या मुलांची इंग्रजी ही बोली आहे की बिघाड?

नदीकाठ (धागाकर्ता):
पूर्व लंडनमधील तरुणांच्या इंग्रजीला वृत्तपत्रांनी ‘जफेकन’, म्हणजे नकली जमैकन, असे हेटाळणीचे नाव दिले. इंग्लंडमधील २०११ च्या दंगलींनंतर इतिहासकार डेव्हिड स्टार्की यांनी तर जमैकन पात्वा, म्हणजे जमैकाची लोकभाषा, इंग्लंडमध्ये घुसल्याची तक्रार बीबीसीवर केली. माझ्या मते हे निदानच चुकीचे आहे. भाषाशास्त्रज्ञ पॉल कर्सविल, जेनी चेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २००७ या काळात हॅकनी आणि हेव्हरिंग या लंडनच्या दोन भागांतील किशोरांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. हॅकनीत कॅरिबियन, पश्चिम आफ्रिकी, तुर्की आणि बांगलादेशी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात, तर हेव्हरिंगमध्ये तेव्हा गोऱ्या इंग्रजांचीच बहुसंख्या होती. इंग्रजीची नवी रूपे प्रामुख्याने हॅकनीत आढळली. आणि ज्या इंग्रज घरांतील मुलांचे मित्र अनेक समाजांतले होते, त्यांच्या बोलण्यातही ती ठळकपणे होती. कारण उघड आहे. जिथे अनेकांच्या घरी वेगळीच भाषा बोलली जाते, तिथे मुले इंग्रजी मोठ्यांपेक्षा एकमेकांकडून अधिक शिकतात.

या बोलीला नियम आहेत. कॉकनीत, म्हणजे पूर्व लंडनच्या जुन्या कामगारवर्गीय बोलीत, गळणारा शब्दारंभीचा ‘ह’ इथे पुन्हा उच्चारला जातो, स्वरापूर्वीही ‘ॲन’ऐवजी ‘अ’ येतो, आणि ‘मॅन’ हा शब्द सर्वनामासारखा ‘मी’ या अर्थानेही वापरला जातो. ही जमैकन भाषेची नक्कल असती, तर तिने कॉकनीचा ‘इनिट’ (‘हो ना?’) एवढ्या आपुलकीने सांभाळला नसता.

तळेगावकर:
आपले विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण त्याने पालकांची काळजी मिटत नाही. माझा मुलगा दक्षिण लंडनमध्ये शिकतो. त्याच भागातील एका शाळेने २०१३ मध्ये ‘बेअर’ (‘खूप’), ‘इनिट’ यांसारख्या शब्दांवर शाळेत बंदी घातली, तेव्हा भाषाभ्यासकांनी तिच्यावर टीका केली. मला मात्र तो निर्णय योग्य वाटला. भाषाशास्त्रज्ञाला सर्व बोली समान असतात, मुलाखत घेणाऱ्याला नसतात, आणि त्याच्या पूर्वग्रहाची किंमत शेवटी त्या मुलालाच मोजावी लागते.

उंबरठा:
मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. ज्यांच्या वर्गात एकही कॅरिबियन किंवा सोमाली विद्यार्थी नाही, अशा लंडनबाहेरच्या मुलांच्या तोंडीही हे शब्द ऐकू येतात. ग्राइम हे रॅपसारखे संगीत या शतकाच्या आरंभी पूर्व लंडनच्या वस्त्यांतून निघाले आणि देशभर पोहोचले. मग शेजाराचा आणि मैत्रीचा सिद्धान्त कुठवर पुरतो?

नदीकाठ:
@उंबरठा, शब्द गाण्यांतून प्रवास करतात हे मला मान्य आहे. परंतु स्वरांचा उच्चार आणि वाक्यरचना इतक्या सहज उचलल्या जात नाहीत. त्यासाठी रोजचे बोलणे लागते. लंडनबाहेरची ती मुले थोडे शब्द घेतात, पण त्यांचे स्वर बहुधा आपापल्या गावाचेच राहतात.

@तळेगावकर, पूर्वग्रह खरा आहे हे मी नाकारत नाही. पण बंदी घालणारी शाळा त्या पूर्वग्रहावर शिक्कामोर्तब करते. पाच वर्षांच्या मुलाने बालवाडीतल्या सवंगड्यांकडून जो उच्चार घेतला, तो सदोष आहे असे त्याला सांगणे म्हणजे त्याच्या सोबत्यांनाच सदोष ठरवणे होय, आणि हे मला अतिशय अन्यायकारक वाटते.

तळेगावकर:
मुलांच्या सोबत्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मैदानावर आणि बसमध्ये त्यांनी हवे तसे बोलावे. माझी मागणी वर्गापुरतीच आहे. जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेच्या, उत्तरपत्रिकेत प्रमाण इंग्रजीची अपेक्षा असते, आणि ज्या घरांत आईवडीलच इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकत आहेत, तिथल्या मुलाला ती वर्गाबाहेर दुसरे कोण शिकवणार? बंदी नको असेल, तर शिक्षकांनी दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून त्यांतील फरक व्याकरणाच्या तासाला शिकवावा. त्याला माझा विरोध नाही, मात्र तसा तास मी अद्याप कोणत्याही वेळापत्रकात पाहिलेला नाही.