मदत हवी आहे: सातेरी मधमाश्यांवर अनुदान घेतलंय, आता मेलिफेरा मधमाश्यांसाठी मिळेल का?

भोर तालुक्यात माझ्याकडे सातेरीच्या (देशी मधमाशी) १० पेट्या आहेत. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेतल्या. ५० टक्के अनुदान, बाकीचे पैसे माझे. प्रशिक्षणही झालंय. आता कांदा बीजोत्पादन आणि डाळिंबाच्या हंगामात परागीभवनासाठी पेट्या भाड्याने द्यायच्यात. पण सातेरी सारखी हलवली की घर सोडून जाते (दोन वसाहती अशाच गेल्या), म्हणून मेलिफेराच्या (युरोपीय मधमाशी) २० पेट्या घ्याव्यात म्हणतोय.

मधुक्रांती या मधमाशीपालकांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी केली आहे. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाबद्दल एका कार्यालयात विचारलं, त्यांनी दुसरीकडे धाडलं. तिथून परत पहिल्याकडे.

गट किंवा कंपनी नाही, एकटाच आहे. कर्ज शक्यतो नको. पावसाळ्यात माश्यांना द्यायच्या साखरेच्या पाकाचा खर्च धरलेला आहे. आणि मध किती निघेल हे कृपया सांगू नका, माझं गणित परागीभवनाच्या भाड्यावर आहे.

मधकेंद्र योजनेचा लाभ घेतल्यावर पुन्हा वैयक्तिक अर्जावर मेलिफेरासाठी कुणाला अनुदान मिळालंय का? अर्ज कुठे केला, कृषी विभागाकडे की मंडळाकडेच? आणि दुसऱ्या जिल्ह्यात पेट्या नेताना रस्त्यात नोंदणीखेरीज आणखी कुठला कागद मागतात?