तंबूपेक्षा खालची चटई महत्त्वाची

वर प्रश्न आहे की डिसेंबरात नागपूरजवळच्या खिंडसी तलावाकडे दोन रात्री तंबूत राहायचं तर काय न्यायचं. इतरांनी याद्या छान दिल्यात, पण थंडीबद्दल कोणी बोललंच नाही. नागपूर म्हटलं की सगळ्यांना मे महिनाच आठवतो! २०१८ च्या डिसेंबर अखेरीस इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आकाश निरभ्र असलं की जमीन रात्री झपाट्याने थंड होते, पाण्याकाठी दमटपणा वेगळाच.

पहिल्या खेपेला मी दोन जाड ब्लँकेटं पांघरली आणि तरी रात्रभर कुडकुडलो. कारण गारवा खालून येत होता. अंगाखाली दबलेलं ब्लँकेट चपटं होतं, त्यात हवा उरत नाही, मग ऊब कशी राहणार? आता फोमची चटई आधी, बाकी सगळं नंतर. झोपताना कोरडे मोजे आणि कानटोपी.

तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवाच. पूर्ण बंद केली तर श्वासाची वाफ आतून थेंब होऊन टपकते. आणि शेगडी किंवा निखारे आत अजिबात नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

तंबू एकदा घरच्या गच्चीवर उभारून बघा. आमच्या दांड्या घरीच राहिल्या होत्या, कळलं ते अंधार पडल्यावर. रात्र कारमध्ये काढली. निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे पानगे मात्र झकास झाले होते.

जागा कोणाची आहे, परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या. जंगल लागूनच आहे तिकडे.