एफवायच्या मुलांना दोन तासांत 'माहिती साक्षरता': सुरुवात कुठून करू?

ग्रंथपाल_बाई:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. यंदा प्राचार्यांनी एफवाय बीएच्या प्रत्येक तुकडीचे दोन तास मला दिलेत. मुलं रील झकास एडिट करतात, पण असाइनमेंट मेल करा म्हटलं की वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो. डाउनलोड केलेली पीडीएफ फोनमध्ये कुठे गेली, कुणालाच सांगता येत नाही. बऱ्याच जणांचं जीमेल प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेलं, पासवर्डही त्याच्याकडेच! लॅबमधली निम्मी मशीन बंद, त्यामुळे सगळं फोनवरच करायचंय. एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ऑनलाइन जर्नलं आणि पुस्तकं), शोधगंगा (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा), विश्वकोश, सगळंच दाखवावंसं वाटतं. क्रम काय लावू? आणि चॅटजीपीटीचं काय?

कोकणातला_मास्तर:
बाई, एन-लिस्ट पहिल्या दिवशी अजिबात नको. इंग्रजी जर्नलांची यादी बघून मराठी माध्यमाची पोरं गारठतात. टीवायला प्रोजेक्ट आला की दाखवा.

मी इतिहास शिकवतो, पण सुरुवात पासवर्डने करतो. रिकव्हरीला कुणाचा नंबर आहे ते ज्याचं त्याने बघायचं. कॅफेवाल्याचा निघाला की वर्गात खसखस पिकते, मग एकदम शांतता, कारण महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याच मेलवर भरलेला असतो. तिथून पुढे पोरं ऐकतात.

मग तो जुना फॉरवर्ड वाचून दाखवतो, 'युनेस्कोने जन गण मन जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलं'. खरं की खोटं, विचारलं की पोरं तोच मेसेज पुन्हा वाचतात, भाषा कशी आहे, खाली नाव कुणाचं आहे ते बघतात. त्यांना हसू नका. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅग्रू यांनी २०१७ साली १० इतिहासकार, १० फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी वेबसाइट तपासायला बसवले होते. बरेचसे इतिहासकार (आमची जमात!) आणि विद्यार्थी त्याच पानावर घुटमळत राहिले. फॅक्ट-चेकरांनी पान सोडलं, नवीन टॅब उघडले आणि बाकीचे त्या साइटबद्दल काय म्हणतात ते आधी पाहिलं. एवढी एकच सवय पहिल्या तासात लावा. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही, हे पोरं स्वतःच शोधून काढतात.

शोधगंगेत आपल्या तालुक्याचं नाव टाकायला लावा. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघावं लागतं. आपल्या भागावर कुणीतरी पीएचडी केलीय हे दिसलं की डोळे विस्फारतात. मात्र जुने मराठी प्रबंध युनिकोडमध्ये नसतात, आतला मजकूर कॉपी केला तर अगम्य अक्षरं येतात आणि मराठी शब्द टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. ते आधीच सांगा, नाहीतर पोरं म्हणतात 'मराठीत काही नाहीच'.

लॅबवाला:
मास्तरांचं पटलं, पण फाइल राहिली. फोनमधलं 'फाइल्स' अॅप उघडून डाउनलोड फोल्डर दाखवा. फाइलला रोल नंबर आणि विषय असं नाव द्यायला लावा, मेलला विषय लिहायला लावा. आमच्याकडे 'डॉक्युमेंट१' नावाच्या फाइलींचा खच पडतो.

मराठीची_प्राध्यापक:
चॅटजीपीटीला बंदी घालून काही होत नाही. वर्गातच त्याच्याकडून तुमच्या जिल्ह्याच्या इतिहासावर पाच मराठी पुस्तकांची यादी मागा, आणि मुलांना ती पुस्तकं ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय यादीत, शोधायला पाठवा. एखादं तरी असं निघतं की लेखक खरा, पण ते पुस्तक त्याने कधी लिहिलेलंच नाही. माझा नियम साधा आहे, संदर्भ दिलास तर त्या पानाचा फोटो आण.

विश्वकोश दाखवताना नोंद कधीची आहे तेही बघायला शिकवा. पहिला खंड १९७६चा आहे. ऑनलाइन वाचली तरी जुन्या नोंदीतली लोकसंख्या त्या काळचीच असते, आणि मुलं ती आजची म्हणून उतरवतात.

ग्रंथपाल_बाई:
आभार सगळ्यांचे. पहिल्या तासाला पासवर्ड, फाइल आणि फॉरवर्ड. दुसऱ्याला शोधगंगा आणि ती पाच पुस्तकं. विश्वकोशाचे छापील खंड टेबलावर मांडून ठेवते. एन-लिस्ट टीवायला. पासवर्ड हे ग्रंथपालाचं काम आहे का, असं प्राचार्य विचारणारच, तेव्हा महाडीबीटीचं नाव पुढे करते. मास्तर, तो फॉरवर्ड तुमच्याकडे मराठीत असेल तर जसाच्या तसा इथे टाकाल का?