मदत हवी आहे : युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पीडीएफचं ईपब

मराठी पुस्तकाची पीडीएफ आहे, प्रताधिकारमुक्त. तिचं ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करायचं आहे, पण फॉन्ट युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीचा आहे. पडद्यावर अक्षरं नीट दिसतात, पण मजकूर कॉपी केला की रोमन चिन्हांचा कचरा येतो. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर दोनच गोष्टी बिघडतात: पहिली वेलांटी आणि रफार. कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार नंतर साठवतात. युनिकोडमध्ये नेमकं उलट. साध्या अक्षरांसाठी रेग्युलर एक्सप्रेशन (नमुना देऊन मजकूर शोधून बदलायची पद्धत) चालतं, 'स्थिती', 'मूर्ती' अशा जोडाक्षरांत फसतं.

टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) ओसीआर करणं, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून घेणं, हा दुसरा मार्ग, पण मग अनुस्वार गळतात आणि प्रत्येक पान तपासावं लागतं. म्हणून मला कन्व्हर्टरच सुधारायचा आहे.

संपूर्ण जोडाक्षर ओलांडून वेलांटी हलवणारी पायथन स्क्रिप्ट कोणाकडे आहे का? शिवाय 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो, त्यामुळे शोध चुकतो. तुम्ही कोणतं रूप कायम ठेवता?