भाचा म्हणतोय कुस्तीतून रग्बीत जातो, ‘प्रॉप’ होतो. कुणाला माहिती आहे का?

सातपूरचा_मामा
भाचा १९ वर्षांचा, वजन १०८ किलो. पंचवटीतल्या तालमीत माती-मॅट दोन्ही खेळतो, पण जिल्हा निवड चाचणीच्या पुढे गाडी जात नाही. हल्ली दक्षिण आफ्रिकेच्या त्या ‘बीस्ट’ नावाच्या प्रॉपचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, मामा, मला प्रॉप व्हायचंय. ताई निफाडहून रोज फोन करून मलाच झापते, मोबाइल मी घेऊन दिला ना! मी दोन सामने बघितले. एक नंबरची जर्सी घातलेला गडी सारखा खाली वाकलेला, गुण काही करत नाही. मग त्याला शंभरावर कसोट्या, म्हणजे देशाचे सामने, खेळवतात कशाला? आणि आपल्या पोराला यात काही भवितव्य?

देवळालीकर_निवृत्त
मामा, फौजेत असताना युनिटकडून मी तीन नंबरला खेळलोय. माझे कान बघितले तर पैलवानच समजाल.

स्क्रम म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे गडी वाकून, एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटतात ते. त्यात आठाविरुद्ध आठ. पुढच्या रांगेत मधे हुकर, म्हणजे पायाने चेंडू मागे ओढणारा, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. एक नंबर लूजहेड, त्याच्या डोक्याची डावी बाजू मोकळी. तीन नंबर टाइटहेड, त्याचं डोकं समोरचा लूजहेड आणि हुकर यांच्या मधे, म्हणजे दोघांचा भार एकट्याच्या मानेवर. शिवाय आपल्याच पाच जणांचा मागून रेटा. यात समोरची रांग मोडली, की पेनल्टी आपली, आणि किक मारणारा तीन गुण घेऊन जातो. गुण प्रॉपचेच, नाव दुसऱ्याचं.

भाच्याला २०१९ च्या विश्वचषकाची फायनल अख्खी बघायला लावा, तुकडे नकोत. योकोहामा, दक्षिण आफ्रिका ३२, इंग्लंड १२. इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर तिसऱ्या मिनिटाला डोक्याला लागून बाहेर. डॅन कोल आला आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना त्यालाच ओढावा लागला. बीस्टने, म्हणजे तेंडाई म्तावारिराने, पहिल्या डावात त्याची दमछाक केली. दक्षिण आफ्रिकेच्या पोलार्डने सहा पेनल्टी मारल्या, त्यातल्या काही थेट स्क्रममधून आलेल्या.

हा म्तावारिरा मूळचा झिम्बाब्वेच्या हरारेचा. डर्बनच्या शार्क्स संघाकडे आला तो स्क्रमच्या मागच्या टोकाला खेळणारा म्हणून. प्रशिक्षक डिक म्यूरने त्याला पुढच्या रांगेत घातलं. २००८ मध्ये कसोटी पदार्पण. २००९ मध्ये डर्बनलाच ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्र संघाचा फिल व्हिकरी समोर आला, २००३ चा विश्वविजेता. त्याला असा उचलला, की दुसरा डाव सुरू होऊन थोडा वेळ होतोय तोच व्हिकरीला बाहेर काढलं. शेवटी ११७ कसोट्या, आणि योकोहामाच्या विजयानंतर ३४ व्या वर्षी निवृत्ती. म्हणजे प्रॉप उशिरा घडतो. १९ हे वय अडचणीचं नाही.

इंग्लंडचा जेसन लेनर्ड तर पेशाने सुतार. देशाकडून ११४ कसोट्या, ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं) एकच.

आता कडू भाग. आपल्याकडे लक्ष आणि पैसा सेव्हन्सला, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीला. ऑलिंपिकमध्ये तेच, २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तीही सेव्हन्सच. तिथला स्क्रम तिघा-तिघांचा, क्षणात संपतो, बाकी सगळी पळापळ. १०८ किलोचा गडी तिथे दोन मिनिटांत धापा टाकेल. पंधरा जणांचा खेळ फौजेचे संघ, बॉम्बे जिमखाना, कोलकात्याचे क्लब अशा मोजक्या ठिकाणी. नाशकात बसून प्रॉप म्हणून पगार मिळेल, असं मी तरी सांगणार नाही.

गंगापूररोड_फिजिओ
काकांनी मानेचं ओझरतं सांगितलं, मी जरा ताणते. न्यूझीलंडचा कार्ल हेमन, ४५ कसोट्या खेळलेला टाइटहेड. ४१ व्या वर्षी त्याने जाहीर केलं, की त्याला डिमेन्शिया झालाय. ताईंना घाबरवायला लिहीत नाहीये, पण हे माहीत असूनच ठरवा. डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ बंद, ‘मला काही झालं नाही’ हे पोराचं म्हणणं ऐकायचं नाही. पुलाचा (मानेवर शरीर तोलायचा) व्यायाम तालमीत करतच असेल, चांगलंय. पण स्क्रममध्ये मान ताठ आणि पाठ सरळ धरून रेटा घ्यायचा असतो, ते वेगळं शिकावं लागतं.

पंचवटीचा_खवय्या
म्हणजे खुराक तोच, फक्त लंगोटाऐवजी हाफ पँट?

सातपूरचा_मामा
खवय्या, खुराकाचं बिल तुम्हाला पाठवू का? 😄 ताईला हेमनचं सांगितलं, गप्पच झाली. भाच्याला सेव्हन्सचं सांगितलं तर म्हणतो, वजन उतरवतो. काका, त्याने नक्की काय करावं? फौजेत भरती?

देवळालीकर_निवृत्त
अग्निवीरला वय बसतंय, पण तिथे उंचीच्या मानाने वजन बघतात, त्याची आधी भरती कार्यालयात चौकशी करा. खेळासाठी म्हणून घाईने वजन उतरवू नका. प्रॉप व्हायचं तर तेच वजन लागतं, आणि सेव्हन्स खेळायचं तर प्रॉपचं स्वप्न कशाला? दोन्हींतलं एक त्याने निवडावं.

कुस्ती सोडायची नाही, कंबर आणि पाय तिथेच बनतात. एक सवय मात्र मोडावी लागेल. पैलवानाचा हात समोरच्याला खाली ओढायलाच जातो. मॅटवर त्याचे गुण मिळतात, स्क्रममध्ये पेनल्टी बसते. मला ते सुटायला अख्खा एक सीझन लागला होता.

रविवारी सकाळी त्याला देवळालीला घेऊन या, आम्ही चार-पाच जुने लोक जमतो. माउथगार्ड नवा आणा, आणि वस्तादांना विचारूनच या. न सांगता आलेलं पोर मी मैदानात घेत नाही.