मदत हवी आहे : आईच्या रक्ताचं सॅम्पल बिघडलं होतं का?
नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. आईचं रक्त गावातच घेतलं, सॅम्पल दुपारच्या उन्हात जळगावला गेलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ७.१ म्हणजे खूप जास्त, कॅल्शियम ५.८ म्हणजे खूप कमी! घाबरून रात्रीच तिला दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, पुन्हा तपासलं तर पोटॅशियम ४.३. डॉक्टर म्हणाले, जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) मिसळलं असणार. त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. रक्त तसंच पडून राहिलं तर साखरही कमी दिसते म्हणे.

तिला किडनीचा त्रास आहे, दर महिन्याला तपासणी लागते. लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी कृपया सांगा : लाल झाकणाची नळी जांभळीच्या आधी भरा, एवढं सांगितलं तर पुरे का? आणि चोपड्यातच सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पातळ भाग) वेगळं करून पुढे पाठवणारं कुणी आहे का?